मुरूम टाकूनही रस्ता टिकेना, तेव्हा

सहा किलोमीटरचा तो मुरमी रस्ता आमच्या कामांच्या यादीत दर वर्षी ठरलेला. पावसाळा संपला की नवा मुरूम, वर रोलर, आणि पुढच्या पावसात पुन्हा चिखल. गावकऱ्यांचं म्हणणं एकच होतं, "मॅडम, एकदाचं डांबर टाका, कटकट मिटेल." डांबरीकरणाचं अंदाजपत्रक करायचं की पुन्हा मुरूमच टाकायचा, याचा अहवाल मला द्यायचा होता. मी ऐन पावसात जायचं ठरवलं, कारण अशा रस्त्याचं खरं दुखणं कोरड्या दिवशी दिसत नाही.

सोबत ग्रेडर, म्हणजे रुंद पात्यानं रस्ता खरवडून सारखा करणारं यंत्र, चालवणारे काका होते. आयुष्य याच कामात गेलेला माणूस. आम्ही पोचलो तेव्हा सर नुकतीच ओसरली होती. वळणापाशी पाणी रस्त्याच्या मधून, चाकोऱ्यांतून, ओढ्यासारखं धावत होतं आणि शेजारचा चर जवळपास कोरडा होता! काकांनी पहार काढली आणि कडेच्या गवतात घातली. गवताखाली वीतभर उंचीचा वरंबा होता, मुळांनी घट्ट विणलेला. दोन-तीन ठिकाणी तो फोडला, तशी अडलेली गढूळ धार चरात कोसळली आणि चाकोरीतलं पाणी आमच्या डोळ्यांदेखत उतरलं. त्यातलं एक ढेकूळ काकांनी माझ्यासमोर चुरलं. आत खडे होते. "हा आपलाच मुरूम, मॅडम. गाड्यांनी कडेला फेकला, गवतानं धरून ठेवला. आता हाच पाणी अडवतोय."

मग दोरी धरून उतार मोजला. पाच मीटर रुंदीच्या मुरमी रस्त्याला चार टक्के उतार द्यायचा, तर मध्यभाग कडांपेक्षा दहा सेंटिमीटर उंच हवा. डांबरी रस्त्याला याच्या निम्मा उतार पुरतो, कारण तिथलं पाणी गुळगुळीत पृष्ठभागावरून घसरून जातं; मुरमावर ते रेंगाळतं आणि मुरतं. इथे तर कित्येक ठिकाणी मध्यच कडेपेक्षा खाली होता. दोनशे वर्षांपूर्वी स्कॉटिश रस्ते-अभियंता मॅकॅडम हेच सांगत होता : भार शेवटी खालची माती पेलते, आणि ती कोरडी राहिली तरच पेलते. आम्ही मात्र ओल्या मातीवर दर वर्षी नवा थर चढवत होतो.

याचा हिशेब मी तिथेच वहीत मांडला. एक किलोमीटर लांब, पाच मीटर रुंद रस्त्याचा नुसता २५ मिलिमीटर थर गेला, तरी १२५ घनमीटर दाबलेला मुरूम गेला. सहा घनमीटरचा ट्रक धरला तर वीसहून जास्त खेपा, आणि त्याही एका किलोमीटरला. त्यातला बराच माल कुठे दूर गेलेलाच नव्हता, कडेच्या वरंब्यात पडून होता. तो ओढून परत मध्ये आणायला खाण लागत नाही, ग्रेडर लागतो.

डांबराबद्दल माझं मत त्या दिवशी पक्कं झालं. या रस्त्यावर दिवसाला शंभर गाड्यासुद्धा नाहीत. पातळ डांबरी थर याच ओल्या अंगावर चढवला असता तर तो लवकरच फुटला असता, आणि फुटलेलं डांबर ग्रेडरनं सारखं करता येत नाही. अमेरिकेत अनेक काउंटींनी, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनांनी, परवडेनासे झालेले डांबरी रस्ते उखडून पुन्हा खडीचे केले. २०१६ च्या एका राष्ट्रीय अहवालात त्याची नोंद आहे. १९८८ मध्ये जागतिक बँकेने ८५ देशांचा हिशेब मांडला होता : १२ अब्ज डॉलरपेक्षा कमी खर्चाच्या वेळच्या वेळी केलेल्या देखभालीने ४५ अब्ज डॉलरचे रस्ते वाचले असते. तरीही नव्या कामाला पैसे मिळतात, चर उपसायला मिळत नाहीत. याचा मला मनापासून राग येतो. चराचं उद्घाटन कोणी करत नाही.

परतताना चढावर गाडी थडथडायला लागली. आडव्या लाटा पडल्या होत्या. गाड्या जिथे जोर लावतात किंवा ब्रेक मारतात तिथे, आणि मुरमात बांधून ठेवणारी बारीक माती कमी असली की, त्या पडतातच. काका म्हणाले, "यांच्यावर मुरूम पसरून काही होत नाही. लाटेच्या तळापर्यंत खरवडायचं, ओलं असताना, आणि हळू. पाती वेगानं ओढली तर आपणच नव्या लाटा पाडतो." हळू म्हणजे तासाला पाच ते आठ किलोमीटर. ते पटकन उरकावं असं प्रत्येक साहेबाला वाटतं, हेही त्यांनी सांगून टाकलं.

अहवालात मी डांबर लिहिलं नाही, सरसकट नवा मुरूमही लिहिला नाही. आधी वरंबे कापून तो माल मध्ये घ्यायचा, चार टक्के उतार द्यायचा, मोऱ्या आणि चर उपसायचे, चराचं पाणी जागोजागी बाहेर काढून द्यायचं. नवा मुरूम फक्त थर उरलाच नाही तिथे, आणि त्यात चिकण माती पुरेशी आहे का हे तपासूनच. शिवाय मोठ्या पावसानंतर जमीन ओली असतानाच ग्रेडरची एक फेरी. त्यावर वरिष्ठांकडे बरीच चर्चा झाली, गावातही नाराजी झाली. डांबर कधी, हे लोक अजून विचारतात, आणि गाड्या वाढल्या की मीच प्रस्ताव पाठवीन असं मी त्यांना सांगितलं आहे.

पुढच्या पावसात पाच किलोमीटरपर्यंत पाणी चरातून गेलं. शेवटच्या किलोमीटरला ते अजून साचतं, कारण तिथे रस्ता शेजारच्या शेतापेक्षा खाली गेलाय आणि पाण्याला बाहेर पडायला उतारच नाही. तिथे भराव टाकून रस्ता उचलावा लागेल. त्याच्या मोजण्या सध्या चालू आहेत.