काळ्या जमिनीचा पीएच उतरत का नाही?

रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात माती परीक्षणाच्या अहवालावर पीएच (आम्लता-अल्कता दाखवणारे माप; ७ म्हणजे उदासीन) ८ च्या आसपास दिसला, की ठिबकमधून थोडे आम्ल सोडून तो ७ वर आणता येईल, असे सहज वाटते. पण डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये मांडलेले हे माप लॉगरिदमचे आहे. एका अंकाची घट म्हणजे हायड्रोजन आयनांची दहापट वाढ.

खरी अडचण मात्र बफरची, म्हणजे पीएच सहजी बदलू न देणाऱ्या घटकांची आहे. एक लिटर शुद्ध पाण्यात ०.०१ मोल (पदार्थाचे प्रमाण मोजण्याचे एकक) हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळल्यास पीएच ७ वरून २ वर कोसळतो. तेच आम्ल, ॲसिटिक आम्ल आणि सोडियम ॲसिटेट प्रत्येकी ०.१ मोल असलेल्या एक लिटर द्रावणात मिसळल्यास तो ४.७६ वरून जेमतेम ४.६७ वर येतो, कारण आलेले हायड्रोजन आयन ॲसिटेट पकडून ठेवते. समीकरण घोकण्यापेक्षा हे आकडे शेजारी मांडून पाहणे मला अधिक उपयोगी वाटते.

चुनखडीयुक्त काळ्या मातीत हेच काम कॅल्शियम कार्बोनेट करते. आम्ल त्याच्याशी अभिक्रिया करून खर्ची पडते, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो (अशा मातीवर आम्लाचा थेंब फसफसतो तो यामुळेच), आणि चुनखडी शिल्लक असेपर्यंत पीएच फारसा हलत नाही.