‘निनावी. दप्तरी दाखल.’

बारनिशीच्या लिपिकाने कागद माझ्या टेबलावर ठेवला तेव्हा त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने शेरा लिहूनच आला होता. पंचायत समितीच्या शिक्षण विभागात मी विस्तार अधिकारी आहे. असे अर्ज नेहमी येतात. गुरुजी उशिरा येतात, बदलीत वशिला झाला, समितीने पैसे खाल्ले. खाली सही नाही, पत्ता नाही. कुणाच्या तरी सूडापायी एखाद्याची नोकरी टांगणीला लागू नये म्हणून अशा अर्जांवर कारवाई करायची नाही, ही रीत मला पटते.

हा कागद वेगळा होता. वहीच्या पानावर चार ओळी. एक सर शाळा सुटल्यावर सहावीतल्या मुलींना संगणक खोलीत एकेकटं थांबवून घेतात, अंगाला हात लावतात. एका मुलीने रडत सांगितलं.

कागद देणारी बाई अजून जिन्याशी उभी होती. त्याच शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताई.

“मॅडम, माझं नाव नका घालू. माझं काम शाळा व्यवस्थापन समितीच्या हातात आहे.”

मुलीचे आईवडील ऊसतोडीला गेलेले, घरी फक्त आजी. मुख्याध्यापकांच्या कानावर ताईंनी आधीच घातलं होतं. ‘आमच्या पातळीवर चौकशी केली, तथ्य नाही,’ असं उत्तर मिळालं. तक्रारपेटी? ती मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी, किल्लीही त्यांच्याकडेच. मुलामुलींच्या सुरक्षेसाठी शाळेत असायच्या सखी सावित्री समितीचा शासन निर्णय २०२२ चा आहे, पण शाळेत रोज येणाऱ्या या बाईने त्या समितीचं नावसुद्धा ऐकलेलं नव्हतं.

साहेब म्हणाले, “केंद्रप्रमुखांकडून अहवाल मागवू, मग बघू.”

अहवाल आपण मागवू शकतो. पण गुन्हा घडला की नाही हे ठरवणं आपलं काम नाही, आणि अहवाल येईपर्यंत ती मुलगी रोज त्याच शाळेत जाणार. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा, २०१२, त्याचं कलम १९ मी त्यांच्यासमोर ठेवलं. गुन्हा घडल्याचं माहीत असेल, किंवा घडेल अशी भीती वाटत असेल, तर कुणीही पोलिसांना कळवलंच पाहिजे. पालक असण्याची अट नाही, आधी पुरावा गोळा करण्याची नाही. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला तर एक वर्षापर्यंत.

“सही कोण करणार?” साहेबांनी विचारलं.

मी केली.

ठाण्यात पुन्हा तेच. “पीडितेचे पालक कुठे आहेत? फिर्यादी कोण?” मी म्हटलं, माहिती मी देते आहे. लिहून घ्या, मला वाचून दाखवा, नोंदीचा क्रमांक द्या. कायद्यात तसंच आहे. अंमलदारांनी वरिष्ठांना फोन लावला आणि नोंद झाली. महिला उपनिरीक्षक साध्या कपड्यांत मुलीच्या घरी गेल्या, आजीजवळ बसून तिचं ऐकून घेतलं. त्यानंतर गुन्हा दाखल झाला. बालकल्याण समितीला २४ तासांच्या आत कळवावं लागतं, तेही झालं. निलंबनाचा प्रस्ताव जिल्हा परिषदेकडे गेला.

पुढे ताईंचा फोन आला. पोरीने काय सांगितलं, तिचं पुढे काय होणार? मला काहीच सांगता येत नव्हतं, आणि ते योग्यच आहे. पण ज्या बाईने हे सगळं उघडकीला आणलं तिला गप्प राहून परतवणं फार जड गेलं.

खरी काळजी तिचीच आहे. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही, एवढं संरक्षण कायदा देतो. मानधनावरचं काम तो राखत नाही. गावात अंदाज बांधायला वेळ लागत नाही. समितीने उद्या ठराव करून दुसरी बाई नेमली तर? राज्य बाल हक्क आयोगाकडे जाता येतं, पण तिथे विषय मुलांच्या हक्कांचा, आणि आयोगही शासनाला शिफारसच करतो.

त्या एका शाळेपुरतं पत्र काढलं तर तिचं नाव आपोआप उघड होईल. म्हणून तालुक्यातल्या सगळ्याच शाळांसाठी मी टिपणी ठेवली आहे: स्वयंपाकी किंवा मदतनीस बदलण्याचा ठराव कारणासह आमच्याकडे यावा, मंजुरीशिवाय अंमलात आणू नये. साहेबांनी अजून सही केलेली नाही. सोमवारच्या बैठकीत पुन्हा विचारणार आहे.