तुम्ही विचारलंत म्हणून: गरम झाली की बंद, गार झाली की सुरू

नागपुरात एप्रिल तापला की हा प्रश्न हमखास येतो. जुनी शंभर सीसी गाडी सकाळी एका किकमध्ये सुरू होते, पंधरा-वीस मिनिटं नीट चालते आणि बंद पडते. अर्धा तास सावलीत उभी केली की पुन्हा चालू. कार्बोरेटर दोनदा साफ झाला, प्लगही नवा टाकला, तरी तेच.

कार्बोरेटरला आता सोडा. कचऱ्याने अडलेला जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक छिद्र) सकाळी गार गाडीलाही त्रास देतो. हा दोष तापल्यावरच दिसतो, आणि मिस्त्रीकडे नेईस्तोवर गाडी गार झालेली असते. म्हणून तपासणी बंद पडल्या जागीच, पहिल्या दोन मिनिटांत करायची. त्यासाठी एक चालू प्लग जवळ असू द्या.

बंद कशी पडली, हे आधी आठवा. गचके खात, चोक ओढल्यावर क्षणभर सावरत बंद पडली, तर पेट्रोल कमी पडतंय. टाकीचं झाकण उघडा. फुस्स करून हवा आत ओढली गेली आणि गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलंय. ते बारीक तारेने मोकळं केलं की काम झालं.

किल्ली फिरवल्यासारखी झटक्यात बंद पडली, तर करंट बघा. टाकीचं झाकण लावून घ्या. इंजिनातला प्लग तसाच राहू द्या. कॅप काढून जवळच्या प्लगला लावा, त्याचे आटे इंजिनाच्या हेडच्या उघड्या धातूला टेकवा आणि किक मारा. कॅप मोकळी ठेवून किक मारू नका, सीडीआय (ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जातो. निळी ठिणगी कडकडून पडली तर करंट ठीक. पडलीच नाही तर किल्ली बंद करून टाकीखालच्या एचटी कॉइलवर (प्लगला जोराचा करंट देणारी) पाच मिनिटं ओला फडका ठेवा. नंतर कॉइल पुसून पुन्हा बघा. ठिणगी परतली तर संशय कॉइलवर.

नाही परतली तर मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या भागाच्या, कव्हरमधली कॉइल बघायची. हिच्यावर सहसा कुणी संशय घेत नाही, कारण गार असताना मीटरवर ती चोख दिसते. होंडा पद्धतीच्या वायरिंगमध्ये निळी-पिवळी वायर पल्सर कॉइलची (ठिणगी कधी पडायची ते सांगणारी), काळी-लाल एक्सायटरची (सीडीआयला वीज देणारी). कनेक्टर सोडून दोन्हींचा रेझिस्टन्स गार असताना लिहून ठेवा, बंद पडल्याबरोबर पुन्हा मोजा. आतली तार तुटकी असेल तर तापल्यावर टोकं सुटतात आणि मीटर ओपन दाखवतो. सीडीआय सगळ्यात शेवटी, तोही विकत घेण्याआधी त्याच मॉडेलच्या गाडीचा लावून बघा.

धावताना ठीक, पण व्हेरायटी चौकातल्या सिग्नलला आयडलिंगवर बंद आणि मग किक हलकी लागते? टॅपेट टाइट आहेत, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट कमी झालीय. सीट झिजून व्हॉल्व्ह वर सरकतो, त्यात तापून लांबतो, म्हणून पूर्ण मिटत नाही आणि कॉम्प्रेशन गळतं. टॅपेटचा आवाज येत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. खरं तर आवाज नसणंच वाईट. जुन्या स्प्लेंडरला दोन्ही व्हॉल्व्हना ०.०५ मिमी फट ठेवायची, रात्रभर गार झालेल्या इंजिनवर, मॅग्नेटोवरची ‘टी’ची खूण जुळवून, दोन्ही रॉकर सैल असताना. गरम इंजिनवर ‘आत्ताच करून देतो’ म्हणणाऱ्याला गाडी देऊ नका.