टीके की प्रीस्कूलच? आमचं कसं ठरलं

आम्ही कॅलिफोर्नियात, बे एरियात राहतो. मुलाचा वाढदिवस ऑगस्टच्या शेवटचा. ट्रान्झिशनल किंडरगार्टन, म्हणजे टीके, हे सरकारी शाळेतलं किंडरगार्टनच्या आधीचं वर्ष. ते तसं 2012 पासून आहे, पण आधी किंडरगार्टनचा वयाचा कटऑफ थोडक्यात हुकलेल्या मुलांपुरतंच होतं. 2025-26 पासून मात्र 1 सप्टेंबरपर्यंत चार वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्यांना ते खुलं झालं आणि आमचा पठ्ठ्या जेमतेम आत बसला.

प्रीस्कूलची फी महिन्याला दोन हजार डॉलरच्या वर, टीके फुकट. मग विचार कसला करायचा? पण आमच्याकडचं टीके दीडला सुटतं, शाळेच्या आफ्टरकेअरला वेटिंग लिस्ट, आणि आम्ही दोघं सहाच्या आत मोकळे होत नाही. प्रीस्कूलच्या प्री-केमध्ये, म्हणजे किंडरगार्टनच्या आधीच्या वर्गात, संध्याकाळपर्यंतची सोय, शिवाय दुपारची झोप. ही झोप आमच्याकडे फार मोठी गोष्ट आहे. ती चुकली की साहेब संध्याकाळी घर डोक्यावर घेतात.

त्यात व्हॉट्सअ‍ॅपवर कोणीतरी पुडी सोडली की टीके केलं नाही तर पुढे किंडरगार्टनला जागा मिळत नाही. शाळेच्या ऑफिसातल्या बाईंनी ती मोडीत काढली. टीके ऐच्छिकच, इथे तर सक्तीचं शिक्षणच सहाव्या वर्षापासून.

टीकेचा वर्ग बघायला गेलो तेव्हा माझं मन वळलं. दहा मुलांमागे एक मोठं माणूस हा नियम 2025-26 पासूनच आहे. मुलं वाळूत खेळत होती, वर्कशीटचा पत्ता नव्हता. टीचरनी एबीसीडी येते का हे विचारलंच नाही. विचारलं ते हे, की डबा स्वतः उघडता येतो का? घरी आल्यावर त्याच्या हातात स्टीलचा डबा दिला. झाकण ओढता ओढता चेहरा लालबुंद. दुसऱ्या दिवशी साधा क्लिपवाला डबा आणला.

फॉर्मवर घरची भाषा विचारतात. 'मराठी' लिहिलं तर इंग्रजीची परीक्षा मागे लागते म्हणून बरेच जण बिचकतात, पण टीकेच्या मुलांना आता ती परीक्षा नाही. बिनधास्त मराठी लिहिलं. लसींच्या नोंदी मात्र आधीच काढून ठेवा. आमचे चौथ्या वर्षाचे बूस्टर बाकी होते आणि डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळता मिळेना.

शेवटी टीके घेतलं. दीडला गल्लीतल्या घरगुती डेकेअरच्या काकू त्याला चालत घेऊन येतात, तिथे तो झोपतो. खर्च प्रीस्कूलच्या निम्म्यावर आला. आफ्टरकेअरच्या यादीत नाव अजून आहे, पण जागा निघाली तरी काकूंना सोडायचं का, यावर घरात एकमत नाही.