तुम्ही विचारलंत म्हणून: पुन्हा लाकडाचंच घर का?

जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसजवळ पॅलिसेड्स आणि अल्टाडेना जळत होतं, तेव्हा माझा फोन दोन दिवस थांबला नाही. आम्ही तिथून गाडीनं सहा-सात तासांवर, उत्तर कॅलिफोर्नियातल्या सांता रोझात राहतो, पण फोन काळजीनं केलेले होते, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त "तुम्ही ठीक आहात ना?" नंतरचं वाक्य ठरलेलं असायचं. "तिकडे लाकडाची घरं कशाला बांधतात गं? विटा-सिमेंटची बांधली तर जळतील का?" आत्यानं विचारलं, शाळेतल्या मैत्रिणीनं विचारलं, लातूरला गेले की औषधांच्या दुकानातले काकाही विचारतात. सांता रोझातलं आमचं घर २०१७ मध्ये जळलं आणि त्याच जागेवर आम्ही परत लाकडी सांगाड्याचंच बांधलं, हे ज्यांना ठाऊक आहे ते तर विचारतही नाहीत, नुसते बघतात. इतकी वर्षं फोनवर दोन मिनिटांत उत्तर देत आले आणि दर वेळी ते अर्धंच राहिलं. आता एकदा सगळं लिहून टाकते.

आधी विटा-दगडांचं. मी औसा तालुक्यातली. १९९३ साली अकरा वर्षांची होते. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक दमून झोपले होते आणि पहाटे तीन छप्पन्नला किल्लारीचा भूकंप झाला. दगड-मातीच्या दोन-अडीच फुटी भिंती, वर मातीचं माळवद. ज्या भिंतींच्या जोरावर आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या निश्चिंत झोपली, त्याच त्यांच्या अंगावर आल्या. माझी थोरली मावशी अशाच एका भिंतीखाली गेली. सांता रोझाखालून रॉजर्स क्रीक नावाची भूकंपाची भेग जाते. १९०६ च्या भूकंपात इथली विटांनी बांधलेली बाजारपेठ कोसळली होती, १९६९ मध्ये एकाच रात्री दोन धक्के बसले. लाकडी सांगाडा हलतो, करकरतो, पण मावशीच्या घरासारखा बसत नाही. तेव्हा जड भिंत म्हणजे भक्कम घर, हे निदान मला तरी कुणी सांगू नये.

"मग सळ्या घालून काँक्रीटचं?" हा पुढचा प्रश्न. तो रास्त आहे. नीट बांधलेलं काँक्रीट दोन्हींपुढे टिकतं, हे मान्य. पण विम्याचे पैसे लाकडी घरालाच पुरेना झाले होते. भाड्याच्या घराचा खर्च दोनच वर्षं मिळणार होता. आसपास जो तो बांधकाम करत होता आणि येणारा प्रत्येक सुतार-कंत्राटदार लाकडाचंच काम जाणणारा. भूकंपाचं कारण मी लोकांना आधी सांगते, कारण ते ऐकायला बरं वाटतं. पैशांचं कारणही तितकंच खरं होतं.

पण माझं खरं भांडण प्रश्नाशीच आहे. तुमच्या डोळ्यांपुढे ज्वाळांची भिंत येते, ती घराला गिळते, आणि भिंत दगडाची असली की ज्वाळा हरतात. मलाही तसंच वाटायचं. आमचं घर जळलं त्या रात्रीचं सांगते.

रविवार होता, ८ ऑक्टोबर. दिवाळी दहा-अकरा दिवसांवर. दुपारपासून ईशान्येकडून कोरडा वारा सुटला होता. रात्री झोपताना धुराचा वास आला तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, डोंगरापलीकडे लागली असेल. कॅलिस्टोगाजवळ दहाच्या सुमाराला लागलेली आग आमच्यापर्यंत यायला डोंगर उतरून, अर्धं शहर ओलांडून आणि शेवटी १०१ नंबरचा सहापदरी हायवे ओलांडून यायला हवी होती. आमचं कॉफी पार्क म्हणजे सपाट जमिनीवरची साधी वस्ती, दाटीवाटीनं घरं. सरकारच्या धोक्याच्या नकाशातसुद्धा नव्हती. जंगलाकाठच्या घरांसाठी २००८ पासून जे बांधकामाचे नियम आहेत, ते आम्हाला लागूच नव्हते.

दोनच्या सुमाराला कुणीतरी दार बडवलं. दार उघडलं तर ज्वाळा कुठेच दिसत नव्हत्या. रस्त्याच्या टोकाला आकाश तांबडं होतं आणि हवेतून निखारे चालले होते, आडवे. लहानपणी खळ्यावर उपणताना दाणे पायाशी पडायचे आणि भुसा वाऱ्यानं सरकत सरकत कडेला जाऊन साचायचा. अगदी तसेच ते निखारे ड्राइव्ह-वेच्या सिमेंटवरून सरकत होते आणि जिथे आडोसा मिळेल तिथे साचत होते. गॅरेजच्या दाराच्या फटीशी. पायरीच्या कोपऱ्यात. लाकडी कुंपण जिथे घराला येऊन टेकतं, त्या खोबणीत. दारातलं काथ्याचं पायपुसणं एका टोकाला धुमसत होतं, ते मी उचलून रस्त्यावर फेकलं.

नवऱ्यानं मुलीला उचलून गाडीत बसवलं होतं. ती चार वर्षांची, अनवाणी. मी पाण्याची बाटली घेऊन खिडकीखालच्या वाफ्याशी गेले. त्याच वर्षी वसंतात मी तिथे झाडाच्या सालीचा चुरा पसरला होता, सहा पोती. आधीची काही वर्षं दुष्काळाची होती, पाणी वाचवा म्हणून सगळीकडून सांगत होते, आणि शेतात आच्छादन घालतात ते बघतच मी वाढलेली. अगदी भिंतीला लागून, चांगला चार बोटं जाड थर दिला होता. त्यात पाच-सहा ठिकाणी लाल ठिपके दिसत होते. ज्वाळा नाही, फक्त ठिपके. फुंकर घातल्यासारखे उजळायचे, मंद व्हायचे. तीनांवर बाटली रिकामी केली, एक चपलेनं चिरडला. तेवढ्यात कुंपणाच्या खोबणीत भपकन पेटलं. नवरा ओरडला, "चल, सोड ते!" मी सोडलं. गाडी वळली तेव्हा घर शाबूत होतं, बाहेरचा दिवासुद्धा चालू होता. वाफ्यातले उरलेले ठिपके मला गाडीतून दिसत होते, की दिसत होते असं मला आता वाटतं, नक्की सांगता येत नाही.

कॉफी पार्कमध्ये १,३००हून जास्त घरं गेली. त्या आगीत २२ माणसं गेली. परत जाऊ दिलं तेव्हा आमच्या जागी धुराडं, पाणी तापवायची टाकी आणि माझा लोखंडी तवा होता. गाड्यांच्या चाकांचं ॲल्युमिनियम वितळून रस्त्यावर ओघळून थिजलं होतं. आणि काही ठिकाणी जळालेल्या दोन घरांच्या मध्ये झाड हिरवं उभं होतं. त्या झाडांपुढे मी बराच वेळ उभी राहिले. जंगलाच्या ज्वाळेनं घरं गेली असती तर ती झाडं आधी गेली असती.

नंतर मी हे सगळं वाचून काढलं. अमेरिकेच्या वन विभागातले संशोधक जॅक कोहेन अनेक वर्षं हेच सांगत होते: घर वाचतं की जळतं हे ठरतं ते घरावर आणि त्याच्या लगतच्या जागेवर. पहिली पाच फूट जागा सगळ्यात महत्त्वाची. तिथे पेटण्यासारखं काही नको. पोटमाळ्याच्या झरोक्यांना बारीक जाळी हवी, नाहीतर निखारा आत जाऊन घर आतून पेटतं. हवाईतल्या लाहायना गावात २०२३ मध्ये सगळीकडे राख झाली आणि एक लाल छपराचं घर उभं राहिलं, त्याचा फोटो तुम्हीही पाहिला असेल. ते शंभरेक वर्षांचं लाकडी घर आहे! मालकांनी छप्पर धातूचं केलं होतं आणि भोवतीची झाडंझुडपं काढून गोटे पसरले होते. उलट ग्रीसमधल्या माटी गावात घरं काँक्रीटची होती. २०१८ मध्ये त्यातली कितीतरी आतून जळाली, शंभरावर माणसं गेली.

म्हणून नव्या घराला बाहेरून सिमेंट-फायबरच्या फळ्या आहेत, खिडक्यांना दुहेरी कडक काच आहे, झरोक्यांना बारीक जाळी आहे, आणि भिंतीपासून पाच फूट नुसती खडी. मैत्रीण म्हणाली, अंगण भकास दिसतं. दिसतं.

जळाल्यानंतरची दोन वर्षं मी सगळ्यांना सांगत होते की त्या वाऱ्यापुढे कुणाचं काही चाललं नसतं. तसं म्हटलं की झोप लागायची. आता मी तेव्हाच्या मला विचारते, मग सालीच्या चुऱ्याची ती सहा पोती? तेव्हाची मी म्हणते, शेजारचं घर दहा फुटांवर होतं, ते पेटल्यावर त्याच्या धगीनंच तुझी भिंत पेटली असती, खडी असती तरी. तिचंही खरं आहे. कॅलिफोर्नियातलंच पॅराडाइज गाव २०१८ मध्ये जळालं, तिथल्या अभ्यासातही हेच दिसलं की जळणाऱ्या घराच्या जवळचं घर वाचणं अवघड. म्हणजे मी एकटीनं खडी पसरून भागत नाही. आणि आमचं घर आधी पेटून त्याच्या धगीनं शेजारचं गेलं असेल का, हे मी आजवर कुणाजवळ बोलले नव्हते.

शेजारी तेच आहेत, सत्तरीचे. त्यांचंही घर गेलं, त्यांनीही परत बांधलं. मधलं कुंपण सामायिक, पुन्हा लाकडीच, पुन्हा भिंतीला टेकलेलं. शेवटचे पाच फूट कापून तिथे पत्रा लावू या, खर्च आमचा, असं मी त्यांना दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "मला आता आगीबद्दल बोलायचं नाही." रागानं नाही म्हणाले. मी परत विषय काढला नाही.

गेल्या ऑक्टोबरात वाऱ्याचा इशारा आला, त्या रात्री मी पाण्याची नळी त्या कोपऱ्यापर्यंत ओढून ठेवली आणि कपडे घालूनच झोपले. आग लागली नाही. सकाळी नळी गुंडाळायला गेले तर त्यांनी त्यांच्या बाजूनं कुंपणाला टेकवून ठेवलेली जुनी फळकुटं तिथून उचलली होती. कुंपण अजून तसंच आहे.