मॉडेल कार्ड वाचते तरी कोण?

कृत्रिम बुद्धिमत्तेचे मॉडेल व्यवस्थित चालते आहे, अचूकतेचे आकडेही चांगले आहेत, मग सोबत चार पानांचे मॉडेल कार्ड (मॉडेल कशासाठी आहे, कशावर तपासले आहे आणि कोठे वापरू नये हे सांगणारे टिपण) लिहिण्याचा खटाटोप कशासाठी, आणि ते वाचते तरी कोण, असे मला अनेकदा विचारले जाते. वाचणारे थोडे असतात, हे मान्यच आहे. परंतु मॉडेल घडवणारा आणि ते कामाला जुंपणारा यांची गाठ बहुधा पडतच नाही, त्यामुळे दुसऱ्याला पुढे पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे पहिल्याने आधीच लिहून ठेवावी लागतात.

संशोधक मार्गारेट मिचेल, टिमनिट गेब्रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली मांडलेल्या मॉडेल कार्डाच्या आराखड्यात अचूकतेचा आकडा गटवार, म्हणजे लोकांच्या वेगवेगळ्या गटांसाठी वेगळा, देण्यावर भर आहे. त्यामागचे कारण गेब्रू आणि जॉय बुओलाम्विनी यांनी २०१८ मध्येच दाखवून दिले होते: चेहऱ्यावरून लिंग ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणालींत उजळ वर्णाच्या पुरुषांबाबत चुका फार तर ०.८ टक्के होत्या, तर गडद वर्णाच्या स्त्रियांबाबत त्या ३४.७ टक्क्यांपर्यंत गेल्या. सरासरीत हे दिसले नसते.

मराठी बोलणे लिहून देणारे मॉडेल घ्या. कॉमन व्हॉइससारख्या ध्वनिमुद्रणांच्या खुल्या संचात लोक पडद्यावरची वाक्ये वाचून दाखवतात; त्यावर शिकलेल्या मॉडेलपुढे फोनवरचे, मागे एस.टी. स्टँडचा गोंगाट असलेले वऱ्हाडी बोलणे आले, तर ते अडखळण्याचीच शक्यता अधिक. कार्डात ‘मराठीसाठी’ एवढेच लिहिले, तर ते उद्या एखाद्या तक्रार नोंदणीच्या हेल्पलाइनला जोडले जाईल. ‘वाचून दाखवलेल्या मराठीवर तपासले आहे, फोनवरील संभाषणावर व बोलींवर तपासलेले नाही, माणसाच्या देखरेखीविना तक्रार नोंदवून घेण्यासाठी वापरू नये’ हे वाक्य विक्री विभागाला रुचत नाही, पण सगळ्या कार्डात मला तेच मोलाचे वाटते.

युरोपीय संघाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीच्या कायद्याने ऑगस्ट २०२५ पासून सर्वसाधारण वापराची मॉडेले पुरवणाऱ्यांवर तांत्रिक दस्तऐवज ठेवण्याचे बंधन घातले आहे. हे स्वागतार्हच, मात्र सक्ती आली की ‘विविध स्रोतांतून संकलित केलेला विदा’ यांसारखी, काहीच न सांगणारी वाक्येही येतात (सरकारी अर्ज भरलेल्यांना ही भाषा ओळखीची असेल). शिवाय चाचणीच्या ध्वनिमुद्रणांसोबत बोलणाऱ्याची बोली नोंदवलेलीच नसेल, तर बोलीवार आकडा नंतर कोठून काढणार? म्हणून मी कार्ड लिहायला घेते ते चाचणी संच ठरवतानाच.