एलईडी लावला आणि लॅच विसरायला लागलं

चोपडा तालुक्यात काकांची केळी आहे. थ्री फेज लाइट कधी रात्री येते, कधी भर दुपारी. टाकी भरेपर्यंत काका तिथेच बसून राहायचे. म्हणून पाण्याच्या पातळीवर मोटर चालू-बंद करणारा डबा बनवला. आत ७४एलएस०० होता, म्हणजे चार नँड गेट (दोन्ही इनपुट '१' असतील तरच '०' देणारे) असलेली आयसी. त्यातल्या दोन गेटचं लॅच, म्हणजे 'चालू की बंद' हे लक्षात ठेवणारं सर्किट. टाकी रिकामी झाली की क्यू, म्हणजे लॅचचं आउटपुट, वरच्या व्होल्टेजला ('१') जायचा, भरली की खाली ('०'). मोटर चालू आहे हे लांबून कळावं म्हणून क्यूवर लाल एलईडी लावला, सरळ ग्राउंडला. उजेड बेताचा पडत होता, त्यामुळे रेझिस्टरही घातला नाही.

घरी टेबलावर सगळं चोख चाललं. शेतात मात्र स्टार्टर ओढला की धाडकन आवाज व्हायचा आणि मोटर लगेच बंद.

"काय व्हयनं रे भाऊ?" काका विचारायचे आणि मला उत्तर सुचत नसे.

दोन आठवडे गेले. ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावले, पॉवर सप्लाय बदलला, मोटर चालू-बंद करणाऱ्या रिलेवरचा डायोड तपासला. शेवटी मल्टिमीटर थेट क्यूवर ठेवला. वर असताना १.८ व्होल्ट!

टीटीएलला (७४एलएस०० ज्या जातीची आयसी आहे तिला) '१' म्हणून किमान २.० व्होल्ट लागतात आणि '०' साठी जास्तीत जास्त ०.८. माझं लॅच मधल्या बेभरवशाच्या पट्ट्यात उभं होतं. मी फॅन-आउट, म्हणजे एक आउटपुट किती इनपुट चालवू शकतं ते, मोजला होता, पण फक्त गेटचा. वर असताना ७४एलएस००च्या आउटपुटने ०.४ मिलिअँपिअर द्यावेत आणि २.७ व्होल्ट टिकवावेत, एवढीच डेटाशीटची हमी. एका इनपुटला २० मायक्रोअँपिअर, म्हणजे २० गेट. एलईडी हा काही गेट नव्हे. तो मिळेल तेवढा करंट घेतो आणि आउटपुटला आपल्या व्होल्टेजवर खाली ओढतो. लॅचचं दुसरं गेट याच क्यूवरून 'आपण चालू आहोत' हे लक्षात ठेवतं, त्यामुळे स्टार्टरच्या एका झटक्यात सगळं पुसलं जायचं.

खाली असताना हेच आउटपुट ८ मिलिअँपिअर ओढून घेऊ शकतं. आयसीत दोन गेट रिकामे होते. तिसऱ्याची दोन्ही इनपुट एकत्र बांधून इन्व्हर्टर (संकेत उलटा करणारा) केला आणि एलईडी ५ व्होल्टवरून १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून त्याच्या आउटपुटला टांगला. करंट जेमतेम ३ मिलिअँपिअर. रिलेच्या ट्रान्झिस्टरचा बेसही क्यूवरच होता, तोही काढून तिसऱ्याच्या पुढे तसाच जोडलेल्या चौथ्या गेटवर नेला, म्हणजे संकेत परत सुलटा झाला. क्यूवर आता फक्त गेटची इनपुट उरली.

मीटरने क्यूवर ३.४ व्होल्ट दाखवले. रात्री लाइट आल्यावर काकांनी स्टार्टर ओढला, डब्यावरचा लाल दिवा तसाच जळत राहिला. टाकी भरल्यावर मोटर आपोआप बंद पडली, तेव्हा काका घरी झोपलेले होते.